रुईचं आळं

मशीन चालू असलं की आमच्या शेडमध्ये माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. त्या दिवशी अंगणवाडीच्या अन्नपूर्णाबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नाही. तोंडाला फडकं बांधून मी जुन्या गादीतली गोळे झालेली रुई मशीनच्या तोंडात ढकलत होतो. शेवटी त्यांनी हातातली पिशवी माझ्यापुढं हलवली. मी बटन बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला.

"किती वेळची आवाज देऊन राह्यली, खुर्शीदभाऊ. पोरीचं वजन करायचं हाय. तुम्ही काही आणत नाही, म्हणून मीच आली."

मी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं रुईचे चार गठ्ठे एकमेकांना लावून ठेवले होते आणि मधे हातभर पिंजलेली रुई पसरली होती. त्या रुईत माझी मुलगी हीना बसलेली होती. झाडाला आळं करतात तसं ते दिसायचं. शेजारची बनाबाई त्याला आळंच म्हणायची.

अन्नपूर्णाबाईंनी हीनाला उचलून पिशवीतल्या काट्याला टांगलं, वजन वहीत लिहिलं आणि मग तिला जमिनीवर उभं करायला गेल्या. हीनानं पाय वर ओढून घेतले. बाईंनी पुन्हा टेकवायला पाहिलं, तिनं पुन्हा ओढले. रडली नाही. नुसती माझ्याकडं पाहत राहिली.

बाईंनी तिचे तळवे हातात घेतले. "किती महिन्याची झाली?"

"बावीस चालू आहे."

"तळवे तर आठ महिन्याच्या लेकराचे हायेत." त्यांनी आळ्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. "दिवसभर इथंच असते का?"

"हाव. मऊ आहे. लागत नाही कुठं." मी जरा अभिमानानंच सांगितलं. गावात सगळे म्हणायचे की बायको गेली तरी खुर्शीदनं पोरीला खरचटू दिलं नाही.

"बोलते?"

"अम्मी म्हणायची. दे म्हणायची. आता नाही म्हणत."

बाईंनी मशीनच्या पट्ट्याकडं पाहिलं, आळ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, लेकराभोवती गठ्ठे लावले तुम्ही. मशीनभोवती काऊन नाही लावलं काही?"



*

जमीला फेब्रुवारीत गेली. कावीळ झाली होती. आम्ही आधी मंतरून घेतली, झाडपाला दिला, आणि अकोल्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. हीना तेव्हा वर्षाची होती. खाटेचा पाय धरून उभी राहायची.

आम्ही पिंजारी. जळगाव जामोदहून आठ किलोमीटरवर सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. पिंजायचं काम माझं, गादी भरून टाके घालायचं काम जमीलाचं. सकाळी दोन तास मशीन चालायचं आणि मग ती अंगणात खोळ अंथरायची. खोळीत रुई भरायची, काठीनं झोडून सारखी करायची, लांब सुईनं टाके घालायची. टाके घालताना तिचं तोंड चालू असायचं. सुईशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, पोटावर पडलेल्या हीनाशी बोलायची. ती गेल्यावर दोन्ही कामं माझ्यावर आली. मी दिवसभर मशीन चालवायचो आणि उरलेल्या वेळात टाके घालायचो. बोलायला काही नव्हतं.

ती गेल्यानंतर दीड महिन्यानं एक गोष्ट झाली. हीना रांगत रांगत मशीनमागं गेली आणि तिच्या फ्रॉकची कड पट्ट्याजवळ गेली. मी तिला एका हातानं ओढून फेकल्यासारखी मागं टाकली आणि असा ओरडलो की बनाबाई हातातली भाकर घेऊन धावत आली. त्याच दिवशी मी आळं केलं. त्यानंतर हीना कुठं गेली नाही. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

तिची नजर जिकडं जाईल ती वस्तू मी आणून द्यायचो. दुधात भिजवलेलं बिस्कीट, वरणात कुस्करलेला भात. चावायचं काही देत नव्हतो. ठसका लागला आणि मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही तर, ही भीती होती.

दिवाळीत जमीलाची मोठी बहीण राबियाआपा शेगावहून आली होती. तिचा नवरा वकारभाई स्टेशनजवळ बांगड्या विकतो. तिनं हीनाला दोन दिवस पाहिलं आणि जाताना म्हणाली, "बरसीपर्यंत चालली तर ठीक. नाही चालली तर मी लेकीले घेऊन जाईन. माझ्या बहिणीची एकच निशाणी आहे, रुईत पुरून ठेवू नको."

मी हो म्हटलं होतं. अन्नपूर्णाबाई आल्या तेव्हा बरसीला, म्हणजे जमीलाला जाऊन वर्ष व्हायला, दहा आठवडे होते.

*

शनिवारी बाई स्वतः आमच्यासोबत जळगावला आल्या. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी हीनाचे पाय वाकवून पाहिले, मागून टाळी वाजवली, तोंड उघडून जीभ पाहिली. हाडात खोट नाही, म्हणाल्या. ऐकूही येतं. जमिनीवर सोडा, चावायला द्या, माणसांत न्या, आणि महिन्यानं परत आणा.

येताना एसटीत मी विचारलं, "बाई, चालत नाही ते पायाचं झालं. पण बोलत काऊन नसंन?"

"चालली असती तर चुलीपाशी गेली असती. चूल काय ते विचारलं असतं. कोंबडीमागं गेली असती. आळ्यात बसून काय विचारंन? समोर रुई, मागं रुई." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "अन् तुम्ही तिच्याशी किती बोलता?"

मी हीनाच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं.

घरी आल्यावर मी गठ्ठे काढले. जुन्या दाराच्या आणि खोक्याच्या फळ्या मांडीएवढ्या उंच ठोकून मशीनभोवती कठडा केला. हीनाला बाहेर अंगणातल्या फरशीवर ठेवलं. तिनं दोन्ही पाय वर धरले आणि ढुंगणावर बसून रडायला लागली. एका जागेवरून हलली नाही. मी आत जाऊन मशीन चालू करायचो. आवाज येत नव्हता, पण दारातून तिचं उघडं तोंड दिसायचं. मशीन बंद करून तिच्याजवळ जायचो. ती गप्प व्हायची. पुन्हा आत जायचो.

बनाबाई ओट्यावरून म्हणाली, "अरे, फरशीवर काऊन टाकलं रे पोट्टीले? थंडीचे दिवस. बाप हाय का कसाई?"

"डॉक्टरनं सांगितलं, मावशी."

"डॉक्टरले लेकरं हायेत का विचारलं?"

आठ दिवस असेच गेले. भाकरीचा कडक पापुद्रा हातात दिला तर ती तो धरून ठेवायची, तोंडात घालायची नाही. मी समोर बसून चावून दाखवायचो. नवव्या दिवशी चोखला. बाराव्या दिवशी चावला आणि थुंकला.

त्यात देवानंदच्या गाद्या होत्या. देवानंद आमच्या गावचाच, त्याच्या मुलीचं, काजलचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. त्यानं दोन गाद्या, चार उशा आणि एक रजई सांगितली होती. तो रोज येताजाता दारातून विचारायचा, "झालं का बे?" आणि मी म्हणायचो, "होऊन राह्यलं."

*

अन्नपूर्णाबाईंनी हीनाला अंगणवाडीत आणायला सांगितलं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून बसायचो, कारण मी दिसलो नाही की ती श्वास कोंडून रडायची. तिथं सगळ्या बाया. लेकराला सोडून लगेच जायच्या. एक जण दुसरीला म्हणाली, "पांगळी हाय का गं ही?" हळू म्हणाली, पण मला ऐकू आलं. बनाबाई नातवाला सोडायला यायची. ती मोठ्यानं म्हणाली, "खुर्शीद, तूही नाव टाक रे इथं. खिचडी भेटते." बाया हसल्या. मीही हसलो. पाठ दुखत होती.

तिसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊ, तिच्याकडे पाहा. समोर वाटी हाय. हात पुढं करंन आता. पाहा, आधी तुमच्याकडे पाह्यते."

मी पाहिलं. हीनानं हात उचलला, मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"दरवेळी असंच करते. काही झालं होतं का?"

मी पट्ट्याचं सांगितलं. ओढल्याचं, ओरडल्याचं.  बाईंनी ऐकून घेतलं. नावं ठेवली नाहीत.

"माय गेली. मग बापानं असं ओढलं. लेकरू म्हणते, हललं की काहीतरी होते. मग हलायचंच नाही. त्यात पाय गेले, पायासंग बोलणं गेलं."

इतके दिवस मी समजत होतो की पोरगी फरशीला भिते. ती मला भीत होती.

"आता काय करू?"

"तिनं पाह्यलं तर डोळे वटारू नका, धावूही नका. खाली बसत जा. अन् काहीतरी बोलत जा."

काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. जमीलासारखं कोंबड्यांशी बोलणं मला जमत नाही. त्या दुपारी अंगणात काजलची गादी अंथरली आणि हीनाला हाताच्या अंतरावर बसवलं. सुई आत घातली आणि म्हटलं, "नीचे." सुई ओढून घेतली आणि म्हटलं, "उप्पर." माझ्या वडिलांनी मला सुई शिकवताना असंच म्हटलं होतं. घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलतो, गावाशी वऱ्हाडी. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तेवढंच म्हणत राहिलो. नीचे, उप्पर. एका गादीला किती टाके येतात ते मी कधी मोजलं नाही, पण त्या दिवशी घसा बसला.

संध्याकाळी हीना सरकत सरकत गादीच्या काठाशी आली होती. केव्हा आली ते मी पाहिलं नाही. बरंच झालं.

*

देवानंदच्या गाद्या दोन दिवस उशिरा झाल्या. तो ट्रॅक्टर घेऊन आला. सोबत त्याचे पाहुणे होते. त्यानं गादीवर हात फिरवला आणि एका जागी थांबला.

"हे काय रे? टाके पाह्य, बैलाच्या मुतासारखे वाकडे गेले. अठी गच्च, तठी ढिले."

"पोरीकडं पाहत पाहत घातले, भाऊ. उसवून देतो. उद्या दुपारपर्यंत."

"उद्या हळद हाय." तो पाहुण्यांकडं वळला. "बायकोचा हात होता याच्या कामाले. जमीलावहिनी गेली अन् काम गेलं." मग मला म्हणाला, "एक नेतो. दुसरी राहू दे. जळगावून फोमची आणतो."

मी एक गादी ट्रॅक्टरमध्ये चढवली. दुसरी शेडमध्ये परत आणली. त्यानं खोटं काही म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती गादी उसवायला घेतली. हीना बाजूला होती. मी दोरा कापून ओढला की ती त्याचं टोक पकडायची. मी ओढायचो, ती ओढायची. मग तिनं जोर लावायला गुडघे टेकले. मी दोरा थोडा वर धरला. ती बाजूला टेकवलेल्या झोडायच्या काठीचा आधार घेऊन अर्धी उठली, माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहून दुसरा टाका उसवत राहिलो. मी वर पाहिलं नाही. ती उभी राहिली. चार श्वास राहिली आणि बसली.

त्यानंतर जानेवारीत ती खाटेला धरून चालायला लागली. भाकर चावायला लागली. तहान लागली की मी लोटा हातात धरून थांबायचो. काहीतरी आवाज काढल्याशिवाय द्यायचं नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. ते मला फार जड गेलं. तोंडाला फेस येईपर्यंत ती रडायची, आणि बनाबाई पलीकडून शिव्या द्यायची. एके दिवशी ती "पा" म्हणाली. मी लोटा दिला आणि शेडमागं जाऊन उभा राहिलो. तोंड धुऊन परत आलो.

पण हात सोडून ती चालत नव्हती. बरसीच्या आदल्या दिवशीपर्यंत नाही.

*

बरसीला राबियाआपा आणि वकारभाई शेगावहून रिक्षा करून आले. फातिहा झाली. अंगणात सतरंज्या टाकून लोक जेवले. घरभर माणसं पाहून हीना खाटेखाली जाऊन बसली. राबियाआपानं तिला ओढून काढलं आणि अंगणाच्या मधोमध उभं केलं. हीनानं पाय वर घेतले. दहा आठवड्यांपूर्वी घेतले होते तसेच.

"ही चालते?" आपा मला म्हणाली.

"धरून चालते. आज माणसं आहेत म्हणून..."

"खुर्शीद, मी तुझ्याशी भांडायला नाही आली. माझ्याकडं दोन लेकरं आहेत, त्यांच्यात राहील. तू एकटा मशीन पाहशील का हिले पाहशील?"

मी आत जाऊन तिचे कपडे गाठोड्यात बांधले. स्वेटर, दोन फ्रॉक, जमीलानं शिवलेली गोधडी. वकारभाईंनी गाठोडं रिक्षात ठेवलं. अन्नपूर्णाबाई जेवायला आल्या होत्या. त्या ओट्याजवळ उभ्या होत्या, मधे पडल्या नाहीत.

आपा आत बुरखा घालायला गेली. लोक उठून चालले होते. हीना अंगणातल्या खाटेला धरून उभी होती. भिंतीला काजलची राहिलेली गादी गुंडाळून ठेवली होती आणि तिला टेकून झोडायची काठी होती. खाटेपासून गादी पाच-सहा पावलांवर. हीना काठीकडं पाहत होती. मग तिनं खाट सोडली.

एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला तोल गेला आणि ती फरशीवर तोंडावर पडली. आवाज झाला. वरच्या ओठातून रक्त आलं.

आपा दारातून ओरडली. मी उठलो होतो. एका ढांगेत उचलता आलं असतं. हीनानं डोकं वर केलं आणि रडायच्या आधी माझ्याकडं पाहिलं.

मी होतो तिथंच खाली बसलो.

"उचल ना! पत्थर है क्या तू?" आपा धावत आली. मी हात आडवा धरला. तिच्या हाताला लागला असेल.

"थांबा, आपा."

"खून निकल रहा उसका!"

"थांबा."

सगळे थांबले होते. कोणीतरी म्हणालं, याचं डोकं फिरलं. माझे हात मांडीवर होते. हीना माझ्याकडं पाहत होती.  मला एवढंच येतं, ते मी म्हटलं.

"नीचे."

तिचं रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. ती तशीच थोडा वेळ राहिली. मग दोन्ही हात फरशीवर टेकले, ढुंगण वर केलं, आणि पाय फाकून उठली.

"प्पर," ती म्हणाली.

आणि माझ्याकडं आली नाही. गादीकडं गेली. तीन पावलं. काठी धरली, पण तिला उचलता आली नाही. मग काठीशेजारी भिंतीला टेकून मोठ्यानं रडायला लागली. तेव्हा मी उठून तिला घेतलं.

राबियाआपा सतरंजीवर बसली होती. बुरखा अर्धा घातलेला, अर्धा हातात. जमीलाचं नाव घेऊन ती बराच वेळ रडली. अन्नपूर्णाबाईंनी तिला पाणी दिलं. मग आपा उठली, हीनाच्या ओठावरचं रक्त स्वतःच्या पदरानं पुसलं आणि वकारभाईंना म्हणाली, "गाठोडं काढा."

रिक्षात बसताना मला म्हणाली, "ईदला येईन मी. तोपर्यंत हिच्या पायात चप्पल घाल. फरशी तापते आता." आणि मग, "ओठाले हळद लाव. थांबा म्हणे, थांबा. बाप कसला, मास्तर आहे."

*

आता लग्नसराईचं काम संपत आलं. काजलच्या राहिलेल्या गादीवर हीना आणि मी झोपतो. आळ्यातली रुई मी पुन्हा पिंजून एका रजईत घातली, ती विकली गेली.

सकाळी मी कठड्याच्या आत जाऊन मशीन चालू करतो. दहा मिनिटंसुद्धा होत नाहीत, हीना काठी घेऊन फळ्यांवर मारायला लागते. फळी हललेली दिसते. वरून तिचे डोळे आणि कपाळ दिसतं. फटीतून तिचं तोंड हलताना दिसतं. कधी पाणी पाहिजे असतं, कधी कोंबडीचं सांगायचं असतं, कधी नुसतंच काहीतरी. दिवसातून पंधरा-वीस वेळा होतं. काम निम्म्यावर आलं आहे, आणि संध्याकाळी मला उभं राहवत नाही.

मशीनच्या आवाजात ती काय म्हणते ते ऐकू येत नाही. म्हणून बंद करावं लागतं.